मोह, चार, बिजा: आपल्या रानाची रोपं आपल्याच गावात करण्यासाठी धागा

सतीकाठ (कुरखेडा), ६ एप्रिल

सर्वांना नमस्कार.

आमच्या ग्रामसभेनं यंदा ठरवलं आहे की सामूहिक वनहक्कात मिळालेल्या रानात लावायची रोपं बाहेरून आणायची नाहीत. ती गावातच करायची. बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीखालची जागा पाहिली आहे, विहीर शेजारीच आहे, आणि बचत गटाच्या बाया काम अंगावर घ्यायला तयार आहेत. विदर्भात आणखी कुठे कुठे हे चाललंय आणि कोणाला काय जमलंय ते एका ठिकाणी यावं म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही हे का करतोय ते आधी सांगते. तुमच्या शिवारातले मोह एकदा नीट पाहा. कवेत न मावणारे म्हातारे मोह भरपूर दिसतील. पण मनगटाएवढा मोह शोधायला निघालात तर दिवस मावळतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटवतो. आदल्या पावसाळ्यात उगवलेलं रोप त्यात जळतं. जून-जुलैत टोळी (मोहाचं फळ) पडते, ती तेलासाठी वेचली जाते. त्यातून एखादी राहिली आणि उगवली, तर दिवाळीनंतर मोकळी सुटलेली गुरं आहेतच. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आज ज्या मोहाखाली आम्ही टोपली घेऊन बसतो तो आमच्या आज्यानं लावलेला नाही, त्याच्याही आधीचा आहे. आणि त्याच्या मागे दुसरा उभा नाही.

चारोळीचं तर त्याहून वाईट. दुसरा कोणी आधी नेईल या भीतीनं चार (चारोळीचं फळ) कच्चीच तोडली जाते, कधी फांदीसकट. पिकून काळी झालेली चार जमिनीवर पडलेली पाहून किती वर्षं झाली ते आठवावं लागतं.

आता कोणी म्हणेल, रोपं तर सरकारी रोपवाटिकेत मिळतात. मिळतात, आणि तिथले लोक मेहनत करतात. पण राज्यात लागवडीचं लक्ष्य २०१६ मध्ये २ कोटी होतं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. एवढी रोपं वेळेत उभी करायची तर जे झटपट आणि हमखास उगवतं त्याचाच भरणा होणार. मोह, चार, बिजा, कुसुम, रोहन, तिवस यांना त्या घाईत जागा मिळणं अवघड आहे.

आमच्या मते गावातच रोपवाटिका असण्याचं खरं कारण बी आहे. आपल्या कितीतरी झाडांचं बी थांबत नाही. मोहाची टोळी झाडावरून पडली की दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण झपाट्यानं घटते. वाळवून पोत्यात भरून ठेवली तर तेल निघेल, रोप निघणार नाही. कुसुमाचं आणि पळसाचं बीही ताजं पेरलेलं बरं. म्हणजे टोळी सकाळी वेचली आणि संध्याकाळी पिशवीत गेली, असं पाहिजे. मागणीपत्र, मंजुरी आणि ट्रक यांच्या वाटेनं ते होत नाही. जिच्या घरापासून मोह पाच मिनिटांवर आहे तिलाच ते जमतं.

आमचे प्रश्न:
चारीची गुठळी (गराच्या आतली टणक बी) फोडून लावावी की अख्खी?
धावड्याचं बी कोणाकडे उगवलं आहे का? आमच्या इथे पेरलेल्यातलं जवळपास काहीच वर येत नाही.
एप्रिल-मे मध्ये रोपं उन्हातून कशी काढता?

पऱ्हाटी (आर्णी), ६ एप्रिल

वाचतोय. चांगला विषय काढलात ताई.

अंजनवन (बुलडाणा), ७ एप्रिल

ताई, लय चांगलं काम हातात घेतलं तुमी. मले अंजनाचं सांगायचं हाये. अंजनाले दरसाल बी येत नाई. एखाद्या साली असं येते का झाडाखाली शेंगाइचा सडा पडते, अन मंग तीन-चार वर्स वाट पाहा. म्हनून ज्या साली आलं त्या साली जमा करून घ्या. उगवाले काईच त्रास नाई, गरम पानी नको, घासनं नको.

पन पिशवीत वाढवू नका. अंजन आधी खाली जाते, मंग वर येते. वर वीतभर दिसते तवा खाली हातभर मूळ गेलेलं रायते. पिशवीत ते मूळ गोल फिरते अन रानात लावल्यावर झाड उभंच राहात नाई. आमी पयल्या पावसावर रानातच टोबतो, एका जागी दोन-तीन बिया. पयल्या उन्हायात शेंडा वायला तरी उपटू नका, पावसाळ्यात खालून फुटते.

जुना_वनपाल (चंद्रपूर), ७ एप्रिल

माझी बरीचशी नोकरी रोपवाटिकेत गेली. उपयोग होईल म्हणून लिहितो.

मुळाबद्दल वरती जे लिहिलं आहे ते अंजनापुरतं नाही. मोह, तेंदू, बिजा ही सगळी सोटमुळाची झाडं आहेत. उथळ पन्नीत मोह वाढवला तर मूळ बुडाशी पोचून गुंडाळी करतं. वरून रोप हिरवंगार दिसतं, लावल्यावर दोन-तीन वर्षं तगही धरतं आणि मग एखाद्या कडक उन्हाळ्यात वाळतं. तेव्हा दोष पावसाला दिला जातो. मोहासाठी निदान फूटभर उंचीची पिशवी घ्या, बुडाला भोकं नीट पाडा. महिन्या-दीड महिन्यानं पिशव्यांची जागा बदलत राहा, म्हणजे भोकातून जमिनीत गेलेलं मूळ तुटतं आणि आत बारीक मुळं फुटतात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून नेमकं तेच टाळलं जातं.

माती: दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. बोडीचा गाळ वापरणार असाल तर रेती वाढवा. निव्वळ गाळ वाळला की विटेसारखा घट्ट होतो. ज्या झाडाचं बी आहे त्याच झाडाखालची मूठभर माती मिश्रणात टाका, मुळांशी राहणारी बुरशी तीतून येते. ताजं शेण मुळीच नको, उधई (वाळवी) लागते. उधईचा त्रास असेल तर निंबोळीची ढेप मिसळा.

वाफे १० मीटर लांब आणि १ मीटर रुंद ठेवा. रुंदी यापेक्षा वाढवली तर मधल्या पिशवीपर्यंत हात पोचत नाही आणि तिथे गवत माजतं.

धावड्याबद्दल: दोष तुमचा नाही. धावड्याचं बहुतेक बी पोकळच असतं. त्याच्या मागे पिशव्या घालवू नका. धावडा बुडख्यातून चांगला फुटतो, बुडखे राखा.

धान_बोडी (साकोली), ८ एप्रिल

चारीबद्दल आमच्या बायांची रीत सांगते. पिकलेलीच चार घ्यायची, काळपट-जांभळी झालेली. गर चोळून धुऊन काढायचा आणि गुठळ्या सावलीत एक-दोन दिवस सुकवायच्या. मग गुठळीच्या शिवणीवर हलका ठोका द्यायचा, चीर पडेल इतकाच. आतली चारोळी फुटली तर ती कुजते. चारोळी काढायची सवय असलेल्या बाईच्या हाताला हा ठोका बरोबर कळतो, नव्या माणसाला शिकवायला वेळ लागतो. अख्खी लावली तरी उगवते, पण फार उशिरा आणि थोडीच.

वाफ्यात उगवून मग पिशवीत हलवायची चार टिकत नाही. सरळ पिशवीतच लावा. आणि पाणी बेतानं. चारीला पाणी साचलेलं चालत नाही, देठाशी मर लागते.

उन्हासाठी आम्ही हिरवी जाळी आणली नाही. बांबूचा मांडव, वर जांभळाच्या आणि पळसाच्या फांद्या. मृग लागला की फांद्या थोड्या थोड्या काढायच्या, एकदम नाही.

कोहमारा_नाका (गोंदिया), ८ एप्रिल

आवळ्याचं राहिलं. फळं उन्हात टाकून ठेवा, गर सुकून जातो आणि आतली गुठळी आपोआप तडकते. बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेकून द्या. बेहडा एक-दोन दिवस भिजवून लावा आणि वर काट्या पसरा, नाहीतर उंदीर-खारी रात्रीतून सगळं फस्त करतात.

राखणदार (सिंदेवाही), १० एप्रिल

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

रानाला रोपांची गरज आहे हे आपण फार लवकर धरून चालतो. आपलं बरंचसं उजाड रान वरूनच उजाड आहे. खाली बुडखे आणि मुळं जिवंत असतात. दरवर्षी फुटतात, दरवर्षी जळतात किंवा गुरांच्या तोंडी जातात. आमच्या गावानं एक पट्टा आगीपासून आणि चराईपासून राखला, जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढल्या, गायक्यांशी बोलून वाट बदलली. एकही खड्डा न खणता ऐन, धावडा, तेंदू, साग, मोई डोक्याच्या वर गेले. त्यांची मुळं जुनी आहेत, ती नव्या रोपाच्या कितीतरी पुढे धावतात. जो पैसा आणि जी मेहनत पिशव्यांत जाणार ती राखणीत घाला. राखण नसेल तर तुमची रोपंही तशीच जळणार आहेत.

कोहमारा_नाका, १० एप्रिल

राखणदारभाऊंशी शंभर टक्के सहमत.

सतीकाठ, ११ एप्रिल

राखणदारभाऊ, राग कशाचा, तुमचं म्हणणं आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवलं. राखण आधी, यात वाद नाही. ऐन, धावडा, तेंदू, साग, पळस यांच्या पिशव्या आम्ही भरणारच नाही, ती रानात आपली आपण येतात.

पण मोहाचं गणित वेगळं आहे. बुडख्यातून फुटायला आधी झाड तोडलेलं असावं लागतं. मोह तर कोणी तोडत नाही. तो आमच्या घरचा माणूस आहे, जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत लागतो. मग रानात मोहाचे बुडखे येणार कुठून? मोह नव्यानं आला तर बियापासूनच येणार, आणि ते बी आपण शेवटच्या टोळीपर्यंत वेचतो. वटवाघळं गर खाऊन बी लांब टाकतात तेवढंच निसर्गाच्या हाती राहतं, आणि तेही पुढच्या मार्चच्या आगीत जातं. ज्या झाडाला आपण सर्वात जास्त जपलं त्याचीच पुढची पिढी नाही, ही गोष्ट मला झोपू देत नाही. चारीचंही असंच, फळ पिकूच दिलं नाही तर राखलेल्या रानात चार कुठून उगवणार?

म्हणून आमची यादी छोटी आहे. मोह, चार, कुसुम, बिजा, आणि थोडा बेहडा-आवळा. राखणीतून जे येत नाही तेवढंच पिशवीत.

राखणदार, ११ एप्रिल

मोहाच्या बुडख्याचा मुद्दा पटला. हा विचार मी केला नव्हता. आमच्या राखलेल्या पट्ट्यातही मोहाची पिल्लं नाहीत, आज जाऊन पाहून आलो.

तणमोर (अकोला), १४ एप्रिल

एक विनंती पश्चिम विदर्भातल्या मंडळींना. अकोला, वाशिम, यवतमाळकडची माळरानं सातबाऱ्यावर किंवा नकाशात पडीक दिसतात म्हणून तिथे झाडं लावत सुटू नका. ती गवताळ रानं आहेत आणि पूर्वापार तशीच आहेत. तणमोर तिथेच पावसाळ्यात अंडी घालतो. खड्डे खणून दाट लागवड केली की गवतही जातं आणि पक्षीही. ज्या जागेवर गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत जंगल होतं, जिथे अजून बुडखे सापडतात, तिथेच लावा. आमच्याकडचे फासेपारधी बांधव माळ कुठला आणि रान कुठलं हे पावलांनी ओळखतात, त्यांना विचारा.

सतीकाठ, १४ एप्रिल

हे फार गरजेचं होतं, धन्यवाद. हा मुद्दा सगळ्यांनी आपापल्या गटात पोचवा.

मेळघाट_वारा (परतवाडा), १९ एप्रिल

अचलपूर तालुक्यातलं पायविहीर जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा डोंगर उघडा होता. गावानं रोजगार हमीतून खड्डे, चर, बांध, लागवड अशी कामं घेतली, राखण केली, आणि आज तिथलं सीताफळ बाजारात जातं. माझ्या मते त्यात शिकण्यासारखं हे की मजुरी मिळाली म्हणून लोक टिकले. रोपवाटिकेचं काम वर्षभराचं आहे. बायांनी किती दिवस फुकट पाणी घालायचं?

ताई, तुमच्याकडे मजुरीचं काय?

आणि थोडी टोळी आम्हाला पाठवाल का? इकडे मोह कमी आहे.

सतीकाठ, २० एप्रिल

मजुरी दोन ठिकाणांहून धरली आहे. खड्डे, चर आणि लागवड रोजगार हमीत. रोपवाटिकेतली रोजची मजुरी ग्रामसभेच्या तेंदूपानाच्या पैशातून, कारण पाणी एक दिवसही थांबून चालत नाही आणि हजेरीपट कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. फुकट काम कोणाकडूनही घ्यायचं नाही हा ठराव पहिल्याच दिवशी झाला. बायांनीच तो मांडला.

टोळी पाठवायला मला आनंद झाला असता, पण पाठवणार नाही. तुमचा पाऊस, तुमची माती, तुमचा उन्हाळा वेगळा. तिकडे जो मोह पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय त्याचंच बी तिकडे चांगलं. मोह कमी असले तरी मेळघाटात आहेत, कोरकू गावांत विचारा. आणि एकाच जवळच्या झाडाखालून पोतंभर घेऊ नका. एकमेकांपासून लांब असलेल्या पंचवीस-तीस झाडांची थोडी थोडी मिसळा. एकाच झाडाची सगळी लेकरं म्हणजे पुढे एकच रोग सगळ्यांना लागायचा.

पऱ्हाटी, २१ एप्रिल

एक शंका. जमीन वनखात्याची, झाडं गावाची, मग लावायला परवानगी कोणाची? आमच्याकडे दावा मंजूर आहे पण कोणी हात लावायला धजत नाही.

जुना_वनपाल, २१ एप्रिल

दावा मंजूर असेल तर धजा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वनाचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. मेंढा-लेखा आणि मर्दा या गडचिरोलीच्या गावांना तो २००९ मध्येच मिळाला. ग्रामसभेनं नियमाप्रमाणे समिती नेमावी, व्यवस्थापन आराखडा करावा, त्यात लागवडीची जागा, जाती आणि राखणीची पद्धत लिहावी आणि प्रत वनखात्याला द्यावी. क्षेत्रातल्या वनरक्षकाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. चांगला वनरक्षक मदतच करतो, त्याला रान माहीत असतं.

धान_बोडी, २ मे

मला एक अवघड वाटणारी गोष्ट विचारायची आहे. आमच्याकडे रानातले मोह घराघरांत वाटलेले आहेत. कागदावर नाही, पण कोणता मोह कोणाच्या घरचा हे सगळ्यांना माहीत आहे. नव्या मोहाचा मालक कोण? हे आधी ठरलं नाही तर झाड फुलायला लागल्यावर भांडणं होतील.

सतीकाठ, ३ मे

यावर आमच्याकडे दोन ग्रामसभा गेल्या. ज्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ मोह आहेत त्यांचं म्हणणं, आमच्या झाडाच्या आसपास लावलं तर ते आमचं. ज्यांच्याकडे एकही मोह नाही, विधवा बाया आणि बाहेरून येऊन वसलेली घरं, त्यांचं म्हणणं, नवा मोह सगळ्यांचा. बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं की वैयक्तिक वहिवाटीच्या झाडांना हात लावायचा नाही. नवे मोह वेगळ्या पट्ट्यात लावायचे. ज्यांच्याकडे मोह नाही त्या घरांना त्यातली रोपं आधी नेमून द्यायची, पाच वर्षं राखायची जबाबदारी त्यांची आणि पुढे फुलांचा पहिला हक्कही त्यांचा. झाड मात्र ग्रामसभेचं, विकता किंवा तोडता येणार नाही.

मोह फुलायला दहा-एक वर्षं तरी जातात. आज जी बाई रोपाला काटी लावेल तिच्या लेकीच्या टोपलीत फुलं पडतील. म्हणून हे लिहून ठेवलं आहे, सह्यांसकट.

आणि पाला जाळणं बंद. फुलांच्या दिवसांत झाडाखाली झाडून घ्यायचं किंवा जुन्या साड्या-जाळ्या अंथरायच्या. फुलंही स्वच्छ मिळतात, माती लागली म्हणून दर कापला जात नाही.

रायमुनिया_हटाव (ब्रह्मपुरी), २८ मे

लावायच्या जागी रायमुनिया (घाणेरी) असेल तर नुसती कापू नका, दुप्पट फुटते. जमिनीच्या जरा खाली, जिथून फांद्या फुटतात त्या गाठीच्या खालून मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे पुन्हा रुजत नाही. फळ धरायच्या आधी करा. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत येऊ द्या, नाहीतर रानतुळस आणि तरोटा शिरतो. पळसाची झुडपं मात्र ठेवा. त्यांच्या आडोशाला लावलेला मोह उघड्यावरच्या मोहापेक्षा चांगला तगतो.

सतीकाठ, १६ जून

पाऊस झाला. चार आणि बिजा पिशवीत आहेत. बिजाच्या शेंगेचे पंख कातरून रात्रभर भिजवले होते, बरं उगवतंय. चार हळू आहे, पण येतेय.

टोळी पडायला लागली. आज बायांनी लांबलांबच्या झाडांखालून टोपल्या भरून आणल्या, तेलाच्या वाट्यातून रोपवाटिकेचा वाटा आधी काढला. काही टोळीला झाडाखालीच मोड आलेले आहेत. ती घ्यावी की टाकावी? आणि बी उभं लावायचं की आडवं?

जुना_वनपाल, १६ जून

मोड आलेली टाकू नका, ती सर्वात आधी लावा. मोड तुटणार नाही अशी हातात धरून, मोडाचं टोक खाली करून. बाकीची आडवी ठेवा, बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त खोल नको, वर चाळलेली माती आणि पातळ पाला. गर पूर्ण काढा, नाहीतर मुंग्या लागतात. जे आज लावून होणार नाही ते ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा आणि उद्या-परवा संपवा. आठवड्यापलीकडे नेऊ नका.

धान_बोडी, १७ जून

आमचीही आजपासून सुरू. गोणपाट दिवसातून दोनदा शिंपडा, पण निथळू द्या.